वजन तेवढंच

आटपाडीची शेवटची फेरी संपवून कॅश भरली
की मी स्टँडामागं सर्जेराव पिसाळांच्या दुकानात जाते,
कॅशियरनं खिडकीतून परत सरकवलेली नाणी घेऊन.
ती माझ्या पदरची झालेली असतात.

पिसाळांनी एकतीस वर्षं अंबाल्यात सोनं गाळलं.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं घेऊन विट्याला परत आले.
दुकान म्हणजे एक काटा, एक भिंग
आणि थंड भट्टी, जिच्यात आता मांजर विते.

"काय झालंय ते मागनं बघ.
कवा झालंय ते आधी.
टांकसाळीच्या दाराआत, का दाराभाईर?"

मग ते नाण्यावरनं नख फिरवतात.
रेघ नखाला लागली, उठून आली,
तर ठशालाच तडा होता, धातू त्या तड्यात शिरला.
रेघेत नख बुडालं
तर खिळा, किल्ली, कुणाचा तरी रिकामा वेळ.

कड खाल्लेली दिसली की ते समोरची कड बघतात.
पत्रा कापतानाच चुकलेलं असलं
तर समोरची कडपण जरा बसते.
"कानशीनं घासलेल्याला," पिसाळ म्हणतात,
"पलीकडं कोण ऱ्हातं ठावं नसतं."

दहाचं नाणं, मधला पांढरा गोल निखळलेला: हातोडी.
काळं पडलेलं पाचाचं: चुलीतली राख.
अर्धाच चेहरा उमटलेलं: दोन नाणी पकडीत आवळलेली,
खरं असतं तर असं नसतं, म्हणाले, कसं ते सांगितलं,
मला नीट कळलं नाही.

परवा मी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातला रुपया काढला.
लांबट, पातळ, भाकरीसारखा थापलेला,
कणसं ओढल्यासारखी, साल वाचता न येणारं.
सुदामानं दिलेला. म्हणाला होता,
टांकसाळीची चूक आहे अक्का, जपून ठेव, लाखात जाईल.
त्याच उन्हाळ्यात तो गलाईवाल्यांबरोबर सेलमला गेला,
तिथनं पुढं कुठं, ते सेलमवाल्यांनाही माहीत नाही.

पिसाळांनी तो काट्यात टाकला.
चार ग्रॅम पंच्याऐंशी.
"वजन तेवढंच. कुठं काय गेलं न्हाई, आलं न्हाई.
नुसता पसरलाय."
कडेवरनं बोट फिरवलं, झटकलं, चोखलं.
भिंगातनं बराच वेळ बघितलं.
"हितं खडी रुतलीय बघ. रेल्वे हाय ही."

किंमत?

"रुपया. आन् त्योबी कुणी घ्यायचं न्हाई."

किर्लोस्करवाडीला आत्याकडं जायचो आम्ही सुट्टीत.
म्हणजे हा रुळावर ठेवला असणार त्यानं.
कान लावून ऐकलं असणार.
मालगाडीचे डबे मोजले असतील, तो सगळं मोजायचा,
आणि मग तापलेल्या खडीत
उड्या मारत गेलेला रुपया शोधला असणार.
त्याच्याकडं एका वेळी एकच असायचा.
त्याचे दोन गारेगार यायचे.

मी भिंग मागितलं.
दोन्ही बाजूंनी बघितलं.
उठलेली रेघ कुठंच नव्हती.

पिसाळ तोवर बाकीची चिल्लर चाळत होते.
एकदम म्हणाले, "ह्ये बघ, ह्ये खरं!"
दोनाचं नाणं, छाप एका अंगाला सरकलेला,
उरलेली जागा कोरी चंद्रकोर.
शौकीन माणूस हजारभर देईल, म्हणाले.
कुणी दिलं असेल? खानापूरच्या शाळेतली पोरं?
का लेंगऱ्याची ती म्हातारी, जी रोज
मुठीत घट्ट धरून गरम झालेले पैसे देते?
"विका," म्हणाले मी, "निम्मे निम्मे."

सकाळी सहा चाळीसची गाडी.
भिवघाटात एकजण चढला, हातात वाकडं नाणं.
चालंल का, बाई?
मी नख फिरवलं.
रेघ खोल होती. तिकीट फाडलं.